खरं वय

"काट्याला इचारू नका, मला इचारा," असं म्हणत आमच्या अंगणवाडीताई समोरच्या पोराला काखेत धरून वर उचलायच्या, एकदा हलवायच्या आणि त्याचं वय, वजन आणि ते सकाळी जेवून आलंय की उपाशी, हे सांगून मोकळ्या व्हायच्या. नंतर काट्यावर बघायचं ते फक्त सरकारसाठी.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्यासमोर कुणालाच मोठेपणा मिरवता येत नाही. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात माझी प्राथमिक शाळा आणि त्यांची अंगणवाडी यांच्यात एकच भिंत. ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य मिशीला पीळ देत आला की ताई म्हणायच्या, "तुझ्या बारशाला जेवलीया मी. बस गप." आणि तो बसायचा.

मात्र त्या दुपारी ताई भिंतीला वळसा घालून माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या, तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"गुरुजी, सानिकाचा बस्ता बांधलाय. परवा लगीन."

सानिका सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता आष्ट्याच्या हायस्कुलात नववीत. वय पंधरा. लग्नाचे कपडे घेऊन झाले होते आणि पोरीला त्याच दिवशी कळलं होतं.

"मी तक्रार दिलीया," ताई म्हणाल्या. "पर अंगणवाडीची वही चालत न्हाई म्हणत्यात. शाळेच्या रजिस्टरचा उतारा द्या, जन्मतारखेचा. आज दिला तर थांबतंय."

मुलीचा बाप आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. मी म्हणालो, "वरिष्ठांना विचारून देतो." विचारण्यासारखं काही नव्हतं. मी भ्यालो होतो, एवढंच. ताईंनी ते ओळखलं.

"आवं, भ्या मला बी वाटतंया. म्हणून तर उतारा घिऊन दोघांनी मिळून जायाचं."

मी उतारा दिला तो तिसऱ्या दिवशी. त्याच संध्याकाळी सरकारी जीप आली. ड्रायव्हरने चौकात गाडी थांबवून, काच खाली करून, खणखणीत आवाजात विचारलं, "लग्नाची तक्रार केलेल्या अंगणवाडीताई कुठं राहतात?" पारावरची माणसं वळून बघू लागली. एकाने नुसतं बोट दाखवलं.

बापाने जीपमधून आलेल्या साहेबांना चहा दिला आणि सांगितलं, पोरगी मामाकडं गेलीय. साहेबांनी तसं लिहून घेतलं, अठरा झाल्याशिवाय लग्न करणार नाही अशी हमी घेतली, सगळ्यांच्या सह्या झाल्या. पण मुहूर्त अलीकडे ओढून आदल्या दिवशीच राज्याच्या सीमेपलीकडे, मामाच्या गावात अक्षता पडल्या होत्या. गावाला ते माहीत होतं, कागदाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत बावीस पोरांपैकी तिघं आली. ताईंनी त्या तिघांसाठी सगळी गाणी हातवारे करून म्हटली. भिंतीपलीकडून मला ती ऐकवेनात. मग रोज सकाळी त्यांच्या घराच्या कडीला कुणीतरी लिंबू आणि बिब्बा बांधून जाऊ लागलं. "माझ्या च्यात पिळायला देत्यात," असं मला हसून सांगायच्या. पण ते सोडायच्या आधी त्या गल्लीत दोन्हीकडे बघून घ्यायच्या, मी पाहिलंय. माझ्या दारावर काही नव्हतं. शाळेचा उतारा उशिरा मिळाला, हे गावानं माझ्या चांगुलपणात जमा धरलं होतं.

वर्षभराने सानिका माहेरी आली. सातवा महिना. मधल्या सुट्टीत ती मागच्या दाराने अंगणवाडीत शिरली, तेव्हा मी तिथंच होतो. पाय सुजलेले, तोंड पांढरंफटक. गरोदर बाईचं नाव अंगणवाडीत लागतं, त्यात वय लिहावं लागतं.

"ताई, एकोणीस लिवा. खरं लिवलं तर त्यांस्नी पोलीस नेत्यात. मग मला कोण ठेवून घेणार?"

ते खोटं नव्हतं. मुलगी अठराच्या आतली असली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. ज्या कायद्याने तिला राखायचं, त्यालाच भिऊन ती सात महिने दवाखान्याची पायरी चढली नव्हती. ताईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला बाहेर नेलं.

"अंगात रगात न्हाई, गुरुजी. वय लपिवलं तर डॉक्टर थोरल्या बाईगत बघंल तिला. ही टिकायची न्हाई. जित्ती राहिली तर भांडंल तरी माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांगलीच्या एसटीत बसलो. पोरीला एवढंच सांगितलं होतं की तपासून येऊ. चढणारा प्रत्येक माणूस तिच्या सासरचाच आहे असं मला वाटत होतं. ताई मात्र तिला वाटेतली गावं दाखवत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वय?"

सानिकाने ताईंचा हात घट्ट धरला.

"सोळा," ताई म्हणाल्या.

पोरीने हात काढून घेतला. "तुमी मला फशिवलं," एवढंच म्हणाली. पुढे पोलीस आले, नवऱ्याला नेलं, दोन्ही घरं ताईंच्या दारात येऊन शिव्या देऊन गेली. मूल आठव्यातच झालं. रक्ताच्या बाटल्या लागल्या. दोघंही वाचली. जरा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

यंदा ताई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे कराडला गेल्या. निरोपाचा नारळ द्यायलासुद्धा कुणी आलं नाही. मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

दवाखान्यातून बापाच्या घरी आणल्यापासून सानिका कुणाला दिसलेली नाही. आतून मूल रडल्याचा आवाज तेवढा येतो. त्या घरावरून मी दिवसातून दोनदा जातो. कडी वाजवायची हिंमत मला अजून झालेली नाही.