जिवंत बाईची तिथी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकरांना नाही. बा मरायला टेकला होता, उशाशी मी एकटाच होतो, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर पुन्हा गप्पच बसलो असतो. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मी फार शिकलेला नाही. शिरूर कासारजवळचं आमचं गाव. राज्य निजामाचं, म्हणून शाळा उर्दूतली. तालुक्याला राहून चार इयत्ता केल्या, मग शेतावर माणूस कमी पडलं आणि शाळा सुटली. पण घरात उर्दू वाचणारा मी एकटा, मोडी लावणाराही मीच. केवढा तोरा होता मला त्याचा! आणि त्या विद्येचं मी केलं काय?

आमच्या आज्जीच्या गळ्यात चांदीचा एक टाक असे. बोटाच्या पेराएवढा, त्यावर एक उभी बाई कोरलेली. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, आधी तिला निवद दाखवायचा, मग स्वतः घास घ्यायचा — अशी आमच्याकडची रीत. टाकावरची बाई म्हणजे सुंदरा. बाची खरी आई, माझी सख्खी आजी. बा दीड वर्षाचा असताना ती माहेरी पटकीनं गेली, असं घरात सांगत. बाला वाढवलं ते टाक घालणाऱ्या आज्जीनं, आणि पोटच्यासारखं वाढवलं. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

आज्या होता तोवर पितरपाटात अविधवा नवमीला सुंदराचं पान वाढत. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ती नवमी. आज्या वारला आणि नवमी बंद झाली, कारण नवरा गेल्यावर ती करत नाहीत. आता तिच्या मरणाची खरी तिथी पाहिजे, आणि ती कुणालाच ठाऊक नाही!

त्याच वर्षी माघात भाट आला. आमच्या कुळाची वही सांभाळणारा हा माणूस, तीन-चार वर्षांनी सुगी झाली की यायचा, घोंगडीवर बसून पिढ्या वाचायचा, नवी नावं लिहायचा. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. लेकी त्या वहीत नसतातच. सुना असतात, पण अर्ध्या ओळीत — अमक्याची बायको, तमक्याची आई. सुंदराच्या अर्ध्या ओळीवर भाट थांबला.

"हिची मयत लागली न्हाई अजून. तुमच्या म्हाताऱ्याला तीन खेपा इचारलं. दर खेपंला म्हनायचा, लिव्हू की, बाई कुठं पळून चालली का!"

सगळे हसले. मीही हसलो. बा हसला नाही. मला म्हणाला, "तू शिकल्याला हाईस. मायची तिथी काढून आन."

तिचं माहेर कडा गावाच्या पलीकडं, दोन दिवसांची वाट. मोठ्या ऐटीत निघालो. तिथल्या पटवाऱ्याला म्हणालो, एका मेलेल्या बाईची नोंद बघायची आहे. त्यानं दप्तराचा बस्ता सोडला. मयतांच्या यादीत सुंदरा नव्हती. पण नाव ऐकून त्याला काहीतरी आठवलं, आणि त्यानं तळातून एक घडी पडलेला कागद काढला. "हे वाच. तुला उर्दू येतं म्हनतोस न्हवं?"

तो अर्ज होता. तालुक्याच्या कचेरीला केलेला आणि परत आलेला. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यात लिहिलं होतं — नवऱ्यानं दुसरी बायको करायची म्हणून मला घराबाहेर काढलं, दीड वर्षाचं लेकरू ठेवून घेतलं. लेकरू द्यावं. देता येत नसेल तर महिन्यातून एकदा नजरेला तरी पडू द्यावं. आणि त्याखाली, दुसऱ्या अक्षरात, शेरा. सासरच्या गावाकडून चौकशी केली. अर्जदार बाई मयत असल्याचे कळते. सबब अर्ज दाखलदफ्तर.

समजलं ना तुम्हाला? अर्ज करणारी मेली आहे, म्हणून अर्ज निकाली! ज्या बाईचा अंगठा त्या कागदावर आहे, ती मेली असं लिहिताना त्या कारकुनाचा हात अडखळला नाही? तो कागद तिच्याच गावाला, तिच्याच नावानं परत धाडला, तेव्हा कुणाला काहीच वाटलं नाही? आणि आमचं गाव? तिच्या दिवसाला जेवून गेलेल्या पंगतीत किती जणांना ठाऊक होतं? आज्यानं तर तिचा टाक करवून घेतला. सोनाराच्या पुढ्यात बसून, चांदी तोलून, जिवंत बायकोचा! पण थांबा. एवढा संताप करायचा मला हक्क नाही, ते पुढं कळेल.

मी पटवाऱ्याला विचारलं, मग ही मेली कधी? तो म्हणाला, "मरतीय कावून? देवळात ऱ्हाती, झाडलोट करती." गावात राहणाऱ्यांची यादी त्यानं पुढं केली. सुंदरा. मुक्काम महादेवाचं देऊळ. आणि वारसाच्या रकान्यात — लावारस. एक लेक, पाच नातवंडं, आणि बाई लावारस!

"तुमी कोन तिचे?" त्यानं विचारलं.

"कुनी न्हाई," मी म्हणालो. "भाटाचा मानूस हाय मी."

का म्हणालो असं? इतकी वर्षं या एका प्रश्नाभोवती घुटमळतोय. नाना पाडव्याला मला हैदराबादला नेणार होता. नाना म्हणजे टाक घालणाऱ्या आज्जीचा लेक, माझा चुलता. तिथल्या कापडाच्या दुकानात त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. ही बाई घरी आली तर नानाच्या आईची काय शोभा होणार, आणि मग नाना मला कशाला नेईल? झालं, एवढंच. याहून मोठं कारण सांगायला फार आवडलं असतं.

तरी मी देवळात गेलो. का, ते विचारू नका. ती ओटा सारवत होती. बुटकी, काटक. हात शेणानं भरलेले.

"कुनाचा रं बाबा तू? कोनच्या गावचा?"

मी आमच्या शेजारच्या गावाचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला.

"मंग किसन वळखीचा असंल तुझ्या. माझा ल्योक हाय त्यो. उजव्या कानाची पाळी फाटल्याली हाय बघ. बाळी म्याच घातली व्हती, अन् हिसडा बसला. लई रडला बाई."

बाचा उजवा कान फाटका होता. कसा फाटला हे त्याला कधीच कळलं नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "मी न्हाई वळखत."

"बरं. बस की मंग. उपाशी जाऊ नगंस."

तिनं हात धुतले आणि मला अर्धी भाकर दिली, वर जवसाची चटणी. मी खाल्ली. ती समोर बसून बघत होती. निघालो तेव्हा म्हणाली, "कवा गाठ पडली त्याची, तर सांगू नगं काई. निस्तं बघ, कान बरा झाला का."

परतीच्या दोन दिवसांत मी तिथी तयार केली. कार्तिक वद्य पंचमी. तीच का? — ज्वारीच्या पेरण्या उरकलेल्या असतात, बाला सवड सापडेल, म्हणून. शेतीची सोय पाहून मी माझ्या आजीचं मरण ठरवलं.

"पक्की का?" भाटानं विचारलं.

"पटवाऱ्याच्या वहीतून उतरून आनलीय."

त्यानं अर्धी ओळ पुरी केली. बा रडला. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, तुझ्या शिकन्याचं चीज झालं.

पाडव्याला मी हैदराबादला आलो. इथंच लग्न, इथंच घर. नानानं मला माणसात आणलं, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. सहा वर्षांनी एका लग्नासाठी कड्याकडं जाणं झालं. मी देवळाकडं वळलोच नाही, आधी पटवाऱ्याकडं गेलो. आदल्या वर्षीच्या पानावर ती होती. चैत्र वद्य चतुर्थी. वारस: लावारस. म्हणजे पाच कार्तिक बानं जिवंत आईचे पिंड पाडले, आणि ती दोन दिवसांच्या वाटेवर ओटा सारवत होती.

काळच तसा होता, असं आमच्यात म्हणतात. काळाला उर्दू येत नव्हतं. मला येत होतं. आज्यानं जे केलं ते केलं, गावानं, कचेरीनं केलं ते केलं. पण माझ्या हातात तो कागद आला तेव्हा ती जिवंत होती. तिला पुन्हा मारलं ते मी, अठराव्या वर्षी, शुद्धीत, पोटात तिची भाकर असताना.

मागच्या वर्षी पुतण्यानं भाटाच्या वहीवरून सगळी वंशावळ उतरवून पोस्टानं धाडली. सुवाच्य अक्षर आहे पोराचं. सुंदराबाई, मयत कार्तिक वद्य पंचमी. सूनबाईनं ती कॅलेंडरवर खूण करून ठेवली. माझ्या घरात हे पान नीट होतं — खीर, वडे, गवारीची भाजी. आधी कावळ्याला, मग घरातल्या थोरल्याला वाढतात. थोरला आता मीच.

यंदाही वाढलं. मी पानावर बसलो आणि पोटभर जेवलो.