लाइट गेल्यावरचं विमान

आमचे शेजारी तहसीलमध्ये कारकून होते आणि कुठलीही वस्तू सातबारा तपासावा तशी तपासून घ्यायचे. घरातल्या घरात उडवायला रिमोटचं छोटं विमान हवं म्हणून त्यांनी नांदेडहून तीन आणली आणि मला पंच नेमलं.

"ताई, दिसण्यावर जाऊ नका, पडण्यावर जा," म्हणत त्यांनी एकेक विमान कपाटावरून फरशीवर सोडलं. लाल चकचकीत विमानाचा पंख मोडला, दुसऱ्याचं शेपूट गेलं. तिसरं, फोमचं मळकट, उसळून माझ्या पायाशी आलं.

"हे बराबर आहे," ते म्हणाले. मोडलेली दोन दुकानदाराला परत द्यायला त्यांनी पुन्हा खोक्यात भरली.

पण उडवायला जागा फक्त हॉलमध्ये, आणि तिथे त्यांची अंथरुणाला खिळलेली आई असायची. पंखा चालू असला की विमान पात्यांत जाणार, आणि उन्हाळ्यात तिचा पंखा बंद करणं त्यांना पटेना. "माझ्या मायला तकलीफ नको," ते म्हणायचे. म्हणून विमान फक्त भारनियमनात उडायचं. लाइट गेली की अख्खं कळमनुरी शिव्या द्यायचं, आणि हे गृहस्थ पंख्याचं बटण बंद करून रिमोट शोधायचे.

एकदा मी बसले असतानाच लाइट आली. विमान उतरवून ते पंख्याच्या बटणाकडे निघाले.

"काहून लावून राहिला पंखा?" म्हातारी म्हणाली.

"माय, घामानं भिजलीस की."

"भिजू दे. आत्ताच तर वर गेलं होतं. उडव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझाही पदर ओला झाला होता.

"उडवा," मी म्हटलं.