मंडईच्या तोंडावर आलेला पिक्चर

दिवाळी झाली की माझ्या दारात ब्लाउजवाल्यांची झुंबड उडते. मी घरीच शिवणकाम करते, आणि भाऊबीज सरली की आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा सुरू होते. दुकानं लागतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं, घरोघरी कोंबडीचा रस्सा शिजतो. मुख्य म्हणजे लग्न होऊन गेलेल्या, नोकरीपायी गेलेल्या गावच्या लेकी त्या दिवशी झाडून माहेरी येतात. मग सगळ्यांना नवा ब्लाउज पाहिजे, आणि प्रत्येकीला आधी आपलाच.

त्या वर्षी मात्र गळा किती, बाही किती हे कोणी बोलेच ना. जी येई ती मशीनशेजारी बसकण मारून पिक्चरचीच गोष्ट काढी.

पिक्चर कोणाचा, तर आमच्याच गावच्या पोरीचा. तिची गाणी तुम्ही ऐकली असतील. आमच्या भागात तरी तिच्या गाण्याशिवाय वरात हलत नाही. ती आणि मी एका बाकावर शिकलो, जयंतीच्या स्टेजवर एका माइकसमोर गायलो. तिचा आवाज वर जायचा आणि मी खालून सांभाळून घ्यायची. एकोणीस वर्षांची असताना ती गाणं करायला मुंबईला गेली आणि मी गावातल्या गावात लग्न करून, चार घरं सोडून सासरी आले. आता ती पहिल्यांदाच पिक्चरमध्ये आली होती, हिरोईन म्हणून.

आम्ही सात बायका काळी-पिवळी जीप ठरवून भंडाऱ्याला पाहायला गेलो. आसगावपासून कारध्याच्या पुलापर्यंत तिचीच गाणी म्हणत गेलो. टॉकीजमध्ये बसलो, दिवे गेले, आणि पहिला अर्धा तास झाला तरी एक गाणं नाही. चमकीची साडी नाही. ती आपली मळक्या गाऊनवर, केस पिंजारलेले, आजारी पोराच्या उशाशी बसलेली. शेजारची काकू माझ्या कानात म्हणाली, "नाचते कधी वं हे?"

नाचली नाहीच. पिक्चरमध्ये ती त्या पोराला बसस्टँडवर नेते, बाकावर बसवते, "पाणी आणतो" म्हणून सांगते आणि समोरच्या गाडीत बसून निघून जाते. वळूनसुद्धा पाहत नाही. पुढचा सगळा पिक्चर तिच्या त्या एका पापाचा. मागून कोणी तरी शिवी हासडली. पुढच्या रांगेतली एक बाई हुंदके देऊन रडत होती. आमची काकू उठून उभीच राहिली, "अवो, लेकराले घेऊन जा नं बाप्पा!"

गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, पोट्टीनं गावाचं नाक कापलं. गाण्यात बरी होती, हे अवदसा कायले आठवली? असली आई दाखवून कोणाचं भलं होते? दुसरा तट, त्यात बहुतेक कॉलेजच्या पोरी, म्हणे की आता खरी कलाकार झाली. एक नर्स झालेली सून म्हणाली, "मी अशा बाया वॉर्डात पाहिल्या हायेत. त्या राक्षस नसतात, काकू." यावर काकू इतकी भडकली की माप न देताच निघून गेली.

आणि मी? मी पहिल्या तटाची पुढारीण. ज्या ज्या बाईच्या छातीला टेप लावला तिला तिला सांगितलं, भंगार पिक्चर हाय, पैसे पाण्यात. दातात टाचणी धरून बोलत होते तरी थांबत नव्हते. आमच्या घरचे जेवता जेवता म्हणाले, "पिक्चरचा राग हाय का तिचा?" मी ताटात भात असा आपटला की शितं त्यांच्या शर्टावर उडाली.

राग तिचाच होता, कबूल करते. ती मुंबईला गेली त्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला मी गेले होते. ती पिशवी घेऊन गाडीत चढली, खिडकीपाशी बसली आणि तोंड सरळ पुढं ठेवून गेली. मी हात वर करून उभी. टॉकीजमध्ये तिची पाठ पडद्यावर दिसली आणि मला तोच स्टँड दिसला. त्या बाकावरच्या पोरासाठी रडतेय असं मी सगळ्यांना भासवलं, पण मी माझ्यासाठीच रडत होते.

त्यानंतर ती एकदाच आली, पुढची मंडई यायच्या आत तिची माय वारली तेव्हा. दोन तास माझा हात धरून बसली आणि गेली. भावानं घराला कुलूप घातलं, तो नागपूरला राहायला गेला. तेव्हापासून दहा वर्षं, दर मंडईला मी वाट पाहिली. पाहुण्यांच्या गाड्या आल्या की दाराशी जायची. ती येत नसे. मोठी झाली, विसरली, असं म्हणून मी मशीनवर पाय मारायची.

आता आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मंडईचं बोलावणं माहेरघरून जातं. दुसऱ्यानं बोलावलं तर भावाला ते झोंबतं. लोक म्हणतात, याच्या घरी बहिणीला भाकर नाही का? आणि बोलावल्याशिवाय लेक येत नाही, कितीही मोठी असो. तिचा भाऊ नागपूरहून तिला बोलावत असेल, तीच येत नसेल, हे मी धरूनच चालले होते.

मंडईला दोन दिवस राहिले आणि कमिटीत भांडण जुंपलं. सत्काराला तिला बोलवायचं ठरण्याआधीच तिचा फ्लेक्स छापून आलेला, चमकीच्या साडीतला. अर्धे म्हणत लावा, अर्धे म्हणत जाळा. शेवटी आमच्या घरच्यांनी तिच्या भावाकडून फोनवर नंबर घेतला आणि माझ्यासमोर ठेवला. "तूच विचार. अन् भाऊ म्हणे, मायच्या मागं त्यानं एकदाही बोलावलं नाही तिले. बंद घरात कुठं बोलावू म्हणे."

माझ्या हातातली कैची तशीच राहिली. दहा वर्षं! कोणीच नाही?

मी फोन लावला. आवाज तिनं लगेच ओळखला. "किती दिवसानं वं," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "पाहिला का? कसा वाटला?"

खोटं बोलायचं तर तिथंच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मले नाही आवडला. एकदा तरी वळून पाहायचं होतं तुनं. इतकं कायचं जीवावर आलं होतं?"

ती हळू म्हणाली, "डायरेक्टर बी म्हणत होता, एकदा पाहा. मीच नाही म्हणलं. वळून पाहिलं असतं तं ते बाई गेलीच नसती. मले मालूम हाय नं."

मी मशीनचं चाक उगाच हातानं फिरवत बसले. बाहेर धानाच्या भाऱ्यांचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज तिलाही गेला असेल. मग मी एकदाचं म्हणून टाकलं, "मंडईले ये."

"कोणाचं बोलावणं हाय? कमिटीचं?"

"कमिटी गेली खड्ड्यात. माझं हाय. माझ्या घरी उतरजो. तुझ्या भावाले राग आला तं येऊ दे, मी पाहून घेईन."

पलीकडं ती रडतेय हे मला कळलं, कारण ती रडताना आधी नाक ओढते, लहानपणापासून.

"कधी हाय मंडई?"

"परवा."

"परवा मी शूटिंगले जाऊन राहिली वं, महिनाभर." तिनं परत नाक ओढलं. "दहा साल मी दिवाळीच्या मागचे चार दिवस रिकामे ठेवत होती. कोणी बोलावन म्हणून. काम देणारे चिडत, तरी ठेवत होती. औंदाच मी त्यायले हो म्हणून बसली."