दोरीची दवंडी

"म्हण. तीनदा म्हण. मोठ्याने."

शेठ खुर्चीत, मी पायरीखाली, गळ्यात डफ. शेठचे दोघे-तिघे मित्र पान चघळत बघत होते. आदल्या खेपेला दवंडीतलं शेवटचं वाक्य मी गिळलं, हे त्याच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं. तीनदा. "महारवाड्याने दोरीपलीकडे बसावं." ते हसले. एकाने पानाची पिंक माझ्या पायाशी टाकली.

स्वातंत्र्य आलं आणि मागोमाग आमच्या गावात, बंदराच्या रस्त्याला, शेठचं पत्र्याचं थिएटर आलं. त्याचे खांब आमच्याच वाड्याने रोवले. आत सगळ्यांना बाकं. डाव्या भिंतीला मात्र काथ्याची दोरी, आणि तिच्या पलीकडे नुसती जमीन. तिथे आम्ही. तिकीट तेवढं सारखंच.

नवा खेळ लागला की आसपासच्या गावांत दवंडी मी द्यायची. माझा अपमान मीच डफ बडवून गावोगाव वाटत होतो. खरं सांगतो, आवाज चांगला लागला की बरंही वाटायचं. थू माझ्या जिंदगीवर.

मग आम्ही दीक्षा घेतली. आईने घरातले देव खाडीत सोडले. म्हणून तर मी ते वाक्य गिळलं होतं. पण त्या सकाळी शेठसमोर माझी फाटली. तिथून निघालो तो थेट आमच्या वाड्यात शिरलो आणि सगळी दवंडी दिली, त्या वाक्यासकट.

आई दारात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"शेठ बोलला असता तर आयकून घेतला असता. तू कसा बोललास रं?"

मी डफ गळ्यातून काढला तो कायमचा.

बाजारचा दिवस होता. दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली आणि आईला घेऊन पुढच्या बाकावर बसलो. खेळ सुरू झाला आणि लगेच बंद पडला. दिवे लागले. शेठ धावत आला.

"ऊठ. तू उठेपर्यंत खेळ होणार नाही."

मागून शिव्या सुरू झाल्या. ज्यांना मी वर्षानुवर्षं बोलावून आणलं, तेच लोक. आई उठली नाही. मी तिचा हात धरला.

"नको होऊ दे," मी म्हटलं.

मग मार पडला. सदरा फाटला, दात हलला. आईलाही धक्के देत बाहेर काढलं. घरी येताना ती एवढंच म्हणाली, की पुढच्या बाजाराला शेजारणीलाही घेऊ.

मी हो म्हटलं. मला त्यांचा सिनेमा बघायचा नव्हता. शेठने थिएटर मोडून पत्रे विकले असते तरी मला सोयरसुतक नव्हतं. पण जोवर तिथे बाक आहे, तोवर माझी आई जमिनीवर बसणार नाही.