हाव आर यू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार असतील तर ते जानेफळच्या हायस्कुलात आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वर्गात इंग्रजी वाचायला उभा राहिलो की मागच्या बाकांवरून खसखस पिकायची आणि माझं तोंड बंद व्हायचं. एकदा शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. "घरी बैल आहेत ना रे?" म्हणाल्या. मी मान हलवली. "मग त्यांच्याशी इंग्रजीत बोल. ते हसणार नाहीत."

मी बोलू लागलो. कम हिअर, ड्रिंक वॉटर. बैल आपले वैरण खात राहिले. गोठ्यात मोकळी झालेली जीभ पुढे वर्गातही चालली, म्हणून मी पदवीपर्यंत पोचलो आणि मास्तर झालो.

आता संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात मी चौथीला शिकवतो. इंग्रजी खेळातूनच शिकवायचं हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि वर्गाला नियम एकच घातला होता: चुकणाऱ्याला हसायचं नाही. प्रशिक्षणात शिकलेला 'सायमन सेज' आधी घेतला. सायमन म्हणाला तर उठायचं, नुसतंच कुणी म्हटलं तर बसून राहायचं.

"सायमन कोन होय सर?"

"कुणी नाही. खेळातला माणूस."

"मंग आपन त्याचं काऊन आयकाव?"

सायमनला काढून मी 'सर सेज' केलं. मग 'स्टँड' म्हटलं की मागून कुणीतरी विचारी, "संग्रामपूरचं का शेगावचं?"

त्यानंतर चेंडू आणला. जुन्या मोज्यात चिंध्या भरून केलेला. चेंडू ज्याच्याकडे टाकला त्याला सगळ्यांनी विचारायचं, "हाऊ आर यू?" त्याने झेलून म्हणायचं, "आय ॲम फाइन." सोपं वाटलं होतं. पण आमच्याकडे 'हाव' म्हणजे होय. वर्ग विचारायचा, "हाऊ आर यू?" आणि पोरगं चेंडू झेलून खणखणीत आवाजात म्हणायचं, "हाव." मी फळ्यावर लिहिलं, ओठांचा चंबू करून दाखवला, दोनदोनदा म्हणून घेतलं.

"आमी बी तेच म्हनून राह्यलो सर," पोरं म्हणायची.

रोज तेच. घरी आलो की डोकं भणभणायचं. शेजारच्या वर्गातले गुरुजी म्हणायचे, "चेंडू फेकून द्या अन् पाठ करून घ्या." पाठांतर मी जन्मभर केलं होतं. मला ते नको होतं.

अशात एका मुलीचे वडील आले. भाजीपाला पिकवणारे, बाजाराच्या दिवशी संग्रामपूरला मिरची-वांगी घेऊन बसणारे. त्यांची पोरगी वर्गात सगळ्यात धीट. ती शाळा सोडून गेली तर तिच्या मागून आणखी चारसहा जण जातील, हे मला दिसत होतं.

"सर, पोरीले रोज इचारतो, आज काय शिकली? ते म्हंते, खेळलो. मी काय समजू?"

"खेळातूनच येते इंग्रजी."

"गावात कॉन्व्हेंटची गाडी येऊन राह्यली. शेजाऱ्याचं पोरगं टाय लावून जाते. मी शनवारी येतो. मले इंग्रजी येत नाही, पन पोरगी बोलली का नाही ते तं समजन."

शनिवारपर्यंत मी जिवाचं रान केलं. त्या मुलीने तर घरी शेळीलाही 'हाऊ आर यू' विचारलं म्हणे. बाईंचं बैलांचं मी वर्गात सांगितलं होतं.

शनिवारी ते आले आणि दारातच टेकून उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. खेळ सुरू झाला. चेंडू फिरला, पोरं बोलली, एकही 'हाव' आला नाही. मुलीच्या हातात चेंडू पडला. "आय ॲम फाइन, थँक यू," ती म्हणाली. 'थँक यू' तिने स्वतःहून जोडलं.

नियम असा की झेलणाऱ्याने पुढे कुणाकडे तरी चेंडू टाकायचा. तिने तो दारात उभ्या बापाकडे टाकला. त्यांनी सवयीने झेलला. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "हाऊ आर यू?"

"हाव," ते म्हणाले.

वर्गात हशा उसळला. पोरं बाकांवर लोळली. पोरगी सगळ्यात जोरात हसत होती. मी टेबलावर हात आपटत राहिलो, नियम ओरडून सांगत राहिलो, कुणी ऐकेना. त्यांनी चेंडू हळूच पायरीवर ठेवला.

बाहेर मी त्यांच्या मागे गेलो. "भाऊ, लेकरं आहेत, मनावर घेऊ नका."

"नाही हो सर. पोरगी हुशार झाली. खेळात एवढं येते, तं तिकडं अभ्यासात किती येईन," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "दिवाळीनंतर कॉन्व्हेंटात टाकतो तिले."

त्यांच्या मनाला काय लागलं ते मला विचारता आलं नाही. त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.
तुम्ही मला बैलांशी बोलायला लावलं, कारण ते हसणार नव्हते. मी माझ्या वर्गाला न हसायला शिकवलं, असं मला वाटत होतं. पोरं एकमेकांना हसत नाहीत, हे खरं आहे. पण इंग्रजी येऊ लागल्यावर ती घरच्यांना हसू लागली, तर काय करायचं, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. माझे आईवडील माझ्यासमोर इंग्रजीचा शब्द कधी का काढत नसत, हे मला आत्ता कळतं आहे.
ती मुलगी दिवाळीनंतर जाईल. तोवर चेंडूचा खेळ बंद ठेवावा, की तिच्या वडिलांना पुन्हा बोलवावं? आले तर चेंडू आधी माझ्याकडे टाकायला सांगीन, आणि मीच 'हाव' म्हणेन. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. रागावलात तरी चालेल.
तुमचा विद्यार्थी