‘इतर’ लिहिणारी यागोदा

यागोदा कोवाचेविच तीस वर्षं शाळा झाडत होती. बोस्नियातल्या त्या डोंगरी गावात शाळेच्या झाडूवालीला सगळी पोरं मावशी म्हणायची. पुढे हेडमास्तर झालेले स्तिपो आणि साफेतही मावशीच म्हणायचे. दोघांची शेंबडी नाकं तिनंच पुसली होती आणि जिन्याखाली चोरून सिगारेट ओढताना दोघांचे कानही एकदमच पिळले होते.

मग लढाई झाली आणि शहाण्यांनी शाळेत मधोमध भिंत घातली. डावीकडे स्तिपोची क्रोआट मुलं, उजवीकडे साफेतची मुसलमान. दारं दोन, घंटा दोन, हेडमास्तर दोन. भाषा तीच, पण तिला नावं दोन. एकाच भट्टीतल्या पावाला इकडे ‘क्रुह’ म्हणायचं, तिकडे ‘ह्ल्येब’. एवढ्याशा फरकावरून माणसं मारून झाली होती; आता तो फरक विझू नये म्हणून मास्तर नेमले होते. भिंतीच्या टोकाचे संडास तेवढे सामाईक राहिले, कारण गटार काही दोन जमातींत वाटता येईना.

यागोदा दोन्ही बाजू झाडायची, ते दोघांनाही खुपू लागलं. एक दिवस स्तिपोनं फॉर्म पुढे केला.

“मावशी, एवढा रकाना भर. तू कोण ते लिही.”

“झाडूवाली.”

“चेष्टा नको. कुठल्या लोकांतली?”

कोवाचेविच म्हणजे लोहाराचं आडनाव. ते सगळ्यांत सापडतं. बापाचं नाव झ्लात्को, तेही कुणाचंही असावं असं. स्तिपोनं मग हुकमी प्रश्न काढला.

“आजोबांना कुठल्या दफनभूमीत पुरलं?”

“खाणीत. छत कोसळलं, ते आतच राहिले. जा, उकरून विचार त्यांना.”

दुसऱ्या दिवशी साफेतनंही तेच विचारलं, फक्त आधी कॉफी पाजली. यागोदानं रकान्यात लिहिलं, ‘इतर’. देशातल्या तीन मोठ्या जमाती सोडून उरलेल्यांना सरकारी कागदावर तोच शब्द होता. लिहिताना तिला मोठी ऐट वाटली. दोघा हेडमास्तरांचं तेव्हा पहिल्यांदाच एकमत झालं. तिला काढलं.

दोघांनी आपापल्या लोकांतली झाडूवाली आणली. त्या भिंतीपर्यंत झाडायच्या, पण ‘घाण त्यांची पोरं करतात’ म्हणत संडासाला दोघीही हात लावीनात. महिन्याभरात ते तुंबले आणि वास दोन्हीकडच्या वर्गांत बिनदिक्कत शिरला. तेव्हा हे दोघे मर्द तिच्या दारी आले. कुणी एकत्र पाहू नये म्हणून दहा मिनिटांच्या अंतरानं आले आणि आत एकाच कोचावर बसले.

“मावशी, परत ये. रकान्याचं बघून घेऊ,” साफेत म्हणाला.

“बघायचं काय त्यात? झाडू जिन्याखाली आहे. जागा दोघांनाही ठाऊक आहे.”

ते उठले आणि गावाबाहेरच्या भंगारवाल्यांच्या वस्तीतून रुकिया नावाची रोमा, म्हणजे जिप्सी बाई घेऊन आले. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे यागोदाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती दाखवायला गेली. रुकिया तुंबलेल्या गटारात कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

“तू रकान्यात काय लिहिलंस गं?”

“कसला रकाना?”

“फॉर्म नाही दिला?”

“मला कशाला देतील, ताई? माझं तोंड बघितलं आणि बादली दिली. आजच्यापुरतं, म्हणाले.”

यागोदाची ऐट तिथंच उतरली. आपण ‘इतर’ लिहिलं ते हौसेनं. हिच्या कपाळावर ते लोकांनीच लिहून ठेवलं होतं, आणि तिला कधी विचारलंही नव्हतं. यागोदाला स्वतःची लाज वाटली. मग तिनं बाह्या सरसावल्या, रुकियाबरोबर गटार मोकळं केलं आणि कॉक बंद करून त्यावरच बूड टेकलं.

“हिची पक्की नेमणूक झाल्याशिवाय कुठल्याच बाजूला पाणी नाही,” तिनं दोघांना सांगितलं.

स्तिपो ओरडला, साफेतनं पोलिसाची भीती घातली. दुपारपर्यंत दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या, तेवढ्यातही कुणाची सही वर यावी यावरून भांडले.

रुकिया कायम झाली. यागोदा पुन्हा त्या शाळेत गेली नाही; बेकरीत लागली. भिंत अजून तशीच उभी आहे, आणि दर उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी तिला वेगवेगळा रंग देतात.