सही त्यांचीच होती

सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते वसंतकाकांचं. नारायण पेठेत, आमच्या बिल्डिंगच्या खाली कोपऱ्यावर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. ते नसते तर लोरेन मॅडमचं शेवटचं काम तसंच राहिलं असतं, आणि मी परगावची, सातवीतून शाळा सोडलेली बाई, कुणाच्या दारात जाऊन काय बोलले असते, मला माहीत नाही. मॅडम जाऊन आता दीड महिना होत आला. सकाळी मी दूध घेऊन वर गेले, माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं, तर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या, मान बाहेर वळवलेली... मला वाटलं, रस्ता बघताहेत. डॉक्टर म्हणाले, पॅरालिसिसचा दुसरा झटका, त्रास झाला नसणार. डॉक्टर लोक असं म्हणतातच, म्हणून मी त्यावर पुरता विश्वास ठेवलेला नाही.

लोरेन मॅडम अमेरिकेच्या, तिथल्या काळ्या लोकांपैकी. हे मुद्दाम लिहिते, कारण या दोन गोष्टी एका माणसात असू शकतात हे पेठेत बऱ्याच जणांना पटत नसे. भाजीवाली विचारायची, "आफ्रिकेच्या का हो तुम्ही?" मॅडम म्हणायच्या, "अमेरिकेच्या." "ते झालं, पण मूळच्या?" मग मॅडम त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेल्या शुद्ध पुणेरी मराठीत सांगायच्या, "अहो, आमच्या खापरपणजोबांना विकलं तेव्हा मुळाची पावती कुणी दिली नाही." भाजीवाली दोन मिरच्या जास्त टाकायची. मॅडमचे मिस्टर नारायण पेठेतलेच. नोकरीला तिकडे गेले, तिथंच दोघांनी लग्न केलं, आणि निवृत्त झाल्यावर या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये परत आले. काही वर्षांनी मिस्टर गेले. मूलबाळ नव्हतं. मॅडमना परत जा म्हणणारे खूप होते. परत म्हणजे नक्की कुठं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

मी किनवटकडची. नवरा गेल्यावर एजन्सीमार्फत पुण्यात आले, आजारी माणसांकडं बघायचं काम मिळालं. पहिलं घर हिंजवडीचं. तिथं माझं आडनाव कळल्यावर माझा कप वेगळा झाला. बोललं कुणी नाही, फक्त कप उचलून खिडकीत गेला. तेव्हापासून कुणी आडनाव विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघते. लोरेन मॅडमनी विचारलंच नाही. म्हणजे एजन्सीला आधीच विचारून घेतलं असणार, असं मी धरून चालले. त्यांचाही माझ्यावर कुठं विश्वास होता? गोळी द्यायला गेले की म्हणायच्या, "सुनंदाबाई, आधी गोळ्यांची पट्टी दाखवा." रोज, प्रत्येक गोळीला. मला राग यायचा. एकदा म्हटलंच, "मी काय विष देते का मॅडम?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही नाही देणार. पण आमच्या गावात दवाखान्यात आमच्या माणसांना काय देतात ते आधी विचारून घ्यायचं, असं आईनं शिकवलं. आता ती सवय जात नाही." त्यानंतर मला राग आला नाही. त्यांनी पट्टी मागायच्या आधीच मी पुढं करू लागले.

त्यांचा उजवा हात पहिल्या झटक्यात गेला होता, नंतर थोडाफार परत आला. सकाळचा चहा झाला की त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या, पेन मुठीत धरल्यासारखं घट्ट धरायच्या आणि स्वतःचं नाव लिहायच्या. पानभर. मग दुसरं पान. पहिलं अक्षर मोठं, गोल, पुढची एकमेकांत गुंतलेली, आणि शेवटी उजवीकडं वर जाणारा लांब फराटा... तो फराटाच जमायचा नाही. हात मध्येच थरथरायचा आणि रेघ खाली कोसळायची. शेजारी पासपोर्ट उघडा ठेवलेला असायचा, त्यावरची जुनी सही समोर. मला वाटलं, व्यायाम असेल, फिजिओथेरपीवाल्यानं सांगितला असेल.

एक दिवस मॅडमनी पासपोर्टची झेरॉक्स काढायला मला खाली पाठवलं. पासपोर्ट चुरगळू नये म्हणून मी तो टेबलावरच्या त्याच कागदांत गुंडाळून नेला. वसंतकाकांनी पासपोर्ट बाजूला ठेवला आणि कागद उलटसुलट पाहिले. काका कमी बोलतात, आणि बोलतात ते टोचेल असं.

"सही कुणाची ही?"

"मॅडमची."

"आणि सराव कुणाचा?"

"मॅडमचाच की."

"स्वतःच्या सहीचा सराव. नवीनच ऐकतोय. तुमचं आडनाव काय म्हणालात?"

मी काही म्हणालेच नव्हते. काकांनी पासपोर्ट आपल्या खिशात घातला, शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्यामागून जिना चढायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस चौकी, एजन्सीचा माणूस, गावाकडची आई, सगळं येऊन गेलं. एकट्या आजारी बाईच्या घरातली कामवाली आणि पानंच्या पानं सह्या... मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "बसा वसंतराव. संशय घेतलात ते बरं केलंत, घ्यायलाच हवा. पण खाली यांना घाबरवण्याआधी वर येऊन मला विचारायचं." काका खुर्चीच्या कडेवर बसले. मग मॅडमनी सांगितलं. तिकडे निवडणूक येणार होती. परदेशात राहणाऱ्यांना मतपत्रिका ईमेलनं येते. ती छापायची, खूण करायची, लिफाफ्यात घालायची आणि लिफाफ्यावर सही करून पाठवायची. तिथल्या कचेरीतली माणसं ती सही जुन्या सहीशी ताडून बघतात. जुळली तर मत, नाही तर कागद.

"एवढ्या लांबून? एका मतासाठी?" काका म्हणाले. "एका मतानं काय होतंय मॅडम?"

"काहीच होत नसेल तर नाकारायला इतकी मेहनत का घेतात?"

मग त्यांनी त्यांच्या आजीचं सांगितलं. आजी दुसऱ्यांचे कपडे धुवायची, शाळा चार इयत्ता. मतदार म्हणून नाव लावायला ती दरवर्षी कचेरीत जायची, चर्चला जायची टोपी घालून, छोट्या लोरेनला हाताशी धरून. तिथला गोरा कारकून कायद्याच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्यायचा. आजीनं वाचला की म्हणायचा, अर्थ सांगा. आजीनं सांगितला की म्हणायचा, समाधानकारक नाही, पुढच्या वर्षी या. "तो हसून म्हणायचा," मॅडम म्हणाल्या. "अगदी सभ्यपणे. म्हणून हसऱ्या कारकुनावर माझा आजही विश्वास नाही." पुढं कायदा बदलला तेव्हा आजी थकली होती, तरी तिनं मत दिलं, आणि घरी येऊन म्हणाली, पेटीत तर टाकलं, आता मोजतात का ते बघा. काका खुर्चीत नीट मागं टेकून बसले. मग म्हणाले, "कायद्याचा अर्थ आमच्या वकिलांनाही सांगता येत नाही." आणि खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. माझी माफी त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुकानात गेले तर माझ्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

काका वर आले त्याच दुपारी जेवताना मॅडमनी मला विचारलं, "तुमचं मत कुठं आहे?" मी म्हटलं, गावाकडं. "मग कोण देतं?" मी पुण्यात आल्यापासून मतदानाला गेलेच नव्हते. रजा मिळत नाही, आणि मिळाली तरी एवढ्यासाठी कोण जातं. मी म्हटलं, "देत असेल कुणीतरी." मॅडमनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही... पण ती नजर मला रागापेक्षा जास्त बोचली. संध्याकाळी मी आईला फोन लावला आणि माझं नाव यादीत अजून आहे का ते बघून यायला सांगितलं.

मॅडमना कॉम्प्युटर चालवणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी तिकडच्या कचेरीला काकांच्या दुकानाचा ईमेल कळवला होता. मतपत्रिका आली ती तिथंच. काकांनी ती छापून वर आणली. मॅडमनी आम्हाला दोघांना पाठ फिरवायला लावून खुणा केल्या, लिफाफा बंद केला, आणि मग सही. पेन टेकवल्यावर बराच वेळ त्यांनी श्वासच घेतला नाही असं मला वाटलं. अक्षरं बरी आली. फराटा वर चढला, आणि शेवटी थोडा हलला. काकांनी चष्मा कपाळावर घेऊन लिफाफा आणि पासपोर्ट शेजारी शेजारी धरले. "आमच्या बँकेनं परत पाठवली असती," ते म्हणाले. "मॅडम, सूचनांमध्ये लिहिलंय. आजारानं सही बदलली असेल तर आधी नवी सही कळवता येते. मी आजच पाठवतो."

"सही बदललेली नाही, वसंतराव. हात बदललाय."

"तेच कळवू."

"नको. मी आपणहून सांगितलं की त्यांना कारण मिळतं. कारण मी देणार नाही, त्यांचं त्यांनी शोधावं." काका लिफाफा घेऊन कुरिअरला गेले. पोचला म्हणून त्यांनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना, मी म्हटलं, दाखवा. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. मी मॅडमच्या तिकडच्या गावाचं नाव एकेक अक्षर जुळवून पाहिलं, मगच वर जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पोचणं वेगळं, मोजणं वेगळं."

निवडणूक झाली तेव्हा त्या होत्या. निकाल यायला लागले तेव्हाही होत्या, पण कोण जिंकलं यापेक्षा आपल्या लिफाफ्याचं काय झालं, हेच विचारत होत्या. मग ती सकाळ आली. मिस्टरांच्या पुतण्यानं येऊन सगळं केलं. नंतर एक-दोन दिवसांनी मी भांडी आवरत होते तर काका स्वतः तीन मजले चढून आले. तिकडच्या कचेरीचा ईमेल आला होता. लिफाफ्यावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. ती आपलीच असल्यास सोबतच्या कागदावर पुन्हा सही करून तो दिलेल्या मुदतीच्या आत पाठवावा.

मी खाली दुकानात गेले. काकांनी तो कागद छापला, काउंटरवर ठेवला, शेजारी पेन ठेवलं. मुदत संपायला फार वेळ नव्हता. मग काकांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "तुम्हाला येते ती?"

येत होती. इतके महिने रोज समोर बघितलेली. एकदा दुपारी मॅडम झोपल्या असताना मी ती गंमत म्हणून एका पानावर काढलीही होती, फराट्यासकट, आणि मॅडमच्या हातापेक्षा सरळ आली होती. मी म्हटलं, "येते." काकांनी नुसती मान हलवली. ते मला वाट दाखवत होते की माझी परीक्षा घेत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पुण्याच्या माणसाचं ते कळत नाही. मी पेन उचललं. एक सही, आणि मॅडमचं मत मोजलं गेलं असतं. पण मग तो हसरा कारकून मला दिसायला लागला, मी कधी न पाहिलेला. या लोकांच्या सह्या दुसरंच कुणीतरी करतं, हाच तर त्यांचा संशय. तो मी माझ्या हातानं खरा करून दिला असता. माझी खोटी सही जुळली असती, आणि त्यांची खरी, थरथरलेली, महिनोन्महिने घासून मिळवलेली सही खोटी ठरली असती.

"नको काका," मी म्हटलं. "मॅडमनी केली तीच खरी. तीच धरायला सांगा त्यांना."

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मग कॉम्प्युटरकडं वळून त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि प्रत्येक ओळ मला मराठीत सांगितली. बाई निवडणुकीच्या दिवशी हयात होत्या, त्यानंतर वारल्या. त्यांचा उजवा हात आजारानं अधू झाला होता. लिफाफ्यावरची सही त्यांनी आमच्या दोघांच्या देखत केली. सही त्यांचीच आहे. खाली काकांनी नाव लिहून सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "पूर्ण नाव लिहा," ते म्हणाले. "आडनावासकट." मी लिहिलं.

उत्तर आलं, दोन ओळींचं. आपल्या दुःखात सहभागी आहोत, आपलं पत्र नोंदीला जोडलं आहे. मत मोजलं की नाही, ते त्यात कुठंच नव्हतं. काका म्हणतात, जोडलंय म्हणजे मोजलं असणार. मला शंका आहे. मॅडमनाही असती, आणि शंका ठेवूनही त्यांनी पुढच्या निवडणुकीला पुन्हा पेन हातात घेतलं असतं.

आता मी कात्रजला दुसऱ्या घरी कामाला आहे. पेठेतला फ्लॅट आवरायला शेवटचं गेले तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावरचं रेक्झिन पुसत होते, आणि फडक्याखाली हाताला काहीतरी लागलं. तिरप्या उन्हात वाकून बघितलं तर मॅडमचं नाव. कागदातून पेनाचा जोर खाली उमटलेला, नावावर नाव, फराट्यावर फराटा, काही कोसळलेले, काही चढलेले. पुतण्याला विचारून मी ते रेक्झिन मागून घेतलं. माझ्या पत्र्याच्या पेटीवर अंथरलंय. पुसते ते हलक्या हातानं.

हे लिहून मी काकांना वाचायला दिलं. त्यांनी मिनिटभर चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "बरं लिहिलंय. माझं जरा कमी करा." मग कागदांना स्टेपल मारता मारता, दुसऱ्याच कुणाचं सांगितल्यासारखं, म्हणाले की मागच्या मतदानाला त्यांचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. जन्म याच पेठेतला, दुकान इथलंच. केंद्रावरचा माणूस म्हणाला, नाव नाही आजोबा, आणि काका घरी परत आले. भांडले नाहीत, परत विचारायलाही गेले नाहीत. "आता या वयात कोण खेटे घालतंय," म्हणाले.

काका, मी घालेन. पुढच्या निवडणुकीच्या आधी कात्रजहून येईन आणि तुमच्याबरोबर त्या कचेरीत उभी राहीन. पुढच्या वर्षी या म्हणाले तर पुढच्या वर्षीही येईन. तुम्ही कोण, म्हणून मला विचारलं तर सांगेन, हे इथलेच आहेत, मी यांची साक्षीदार. आणि पूर्ण नाव सांगेन.